झेरॉक्सची झेरॉक्स

खिडकी क्रमांक तीन.
कूलरचं तोंड डॉक्टरांच्या खोलीकडे,
माझ्याकडे त्याची पाठ
आणि पाठीतून टपकणारं पाणी.
अकरा वर्षं इथे बसून
मी एकच वाक्य म्हणत आले:
नवऱ्याला घेऊन या.

म्हणायला काही लागत नाही.
वर बघावंही लागत नाही.
डावा हात पुढचीचा कागद ओढतो,
उजवा आधीचीचा परत सरकवतो,
मधल्या मध्ये वाक्य पडतं
शिक्क्यासारखं.

तांडापेठेतून पुष्पकला पराते आली होती,
केसांत मागावरचा बारीक भुसा.
"दोन महिने झाले, बाई. नको हाय मले."
ते 'नको' ती हळू नाही म्हणाली,
भाजीवाल्याला म्हणावं तसं म्हणाली.
मला तेच खटकलं.
नवऱ्याला घेऊन या.
"तो गोंदियाले असते, कामावर."
मग आला की या.
"तो आला म्हनूनच तं हे झालं!"
रांगेत कोणीतरी हसलं. मीही.
ती नाही.
"येतो," म्हणाली.
आमच्याकडे बाया जातानाही येतो म्हणतात,
त्यातल्या किती येतात
त्याचं रजिस्टर नाही.

मे महिना, भर दुपार, लाइट गेलेली.
रांग उठून कडुनिंबाखाली बसली.
वारा घ्यायला फॉर्मांचा गठ्ठा उचलला
तर तळाशी, पुठ्ठ्याला चिकटलेला
एक जुना, छापील, पिवळा.
दुसरं काही काम नव्हतं म्हणून वाचला.
नाव. वय. पत्ता.
माझी संमती आहे.
सही किंवा अंगठा, तिचा.
संपला.
उलटून पाहिला.
नवरा मागेही नव्हता.

आमच्या फॉर्मवर होता.
तळाशी एक ओळ, जरा तिरकी,
पट्टी सरकल्यासारखी,
आणि 'पतीची सही',
त्यातल्या 'ची'ची वेलांटी गरजेपेक्षा लांब.
कोणीतरी केव्हातरी बॉलपेननं ओढलेली.
मग तिची झेरॉक्स,
झेरॉक्सची झेरॉक्स,
दरवेळी थोडी अधिक काळी,
शेवटी छापल्यासारखी दिसायला लागली
आणि मी तिला कायदा म्हणू लागले.

अक्षर कोणाचं, बराच वेळ बघत बसले.
माझं नव्हतं.
बरं वाटलं.
मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

दटके डॉक्टर म्हणाले, असू द्या हो,
उद्या एखादीचा नवरा भांडायला आला म्हणजे?
अकरा वर्षांत दोन आले होते.
एक पिऊन,
आणि एक चुकीच्या दवाखान्यात.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात
तांबी बसवली होती मला.
कळलं चार महिन्यांनी, कंबर धरली तेव्हा.
कागदावर सही होती ना,
नर्सबाई म्हणाल्या.
होती. ह्यांची.
हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही,
सांगण्यासारखं काही झालंय
असं वाटलंच नव्हतं.

संध्याकाळी चौकात, राजिकभाईच्या दुकानात,
त्या ओळीवर बसचं तिकीट ठेवलं,
कोरी बाजू खाली.
शंभर काढा म्हटलं.
पहिली प्रत उजेडात धरून तो म्हणाला,
"मॅडम, निशान आ रहा है. फिर से निकालूँ?"
तिकिटाच्या कडांची फिकट चौकट उमटली होती.
राहू द्या, म्हटलं.

तांडापेठेतून कधी कधी जाणं होतं.
माग चालू असतात,
हाक मारली तर ऐकू जाणार नाही एवढे.
मी मारलेलीही नाही.

आज सकाळी एकीनं
त्या फिकट चौकटीवर बोट ठेवलं,
"इथं काय लिवाचं, बाई?"

मी वर पाहिलं.